समुद्रकड्यावरून स्पीड ग्लायडर उडवताना ट्रिमर हवेत कसे हलवावेत?

तुम्ही कळवलेलं असं: स्पीड ग्लायडरची (लहान, वेगवान पॅराग्लायडरची) विंग 10 चौरस मीटरची, सामानासकट वजन 85 किलो, रत्नागिरीकडचा 70 मीटरचा कडा, आणि ट्रिमर (विंगच्या मागच्या दोऱ्यांच्या पट्ट्या लांब-आखूड करणारी दोन बाजूंची बकलं; उघडली की वेग वाढतो) उघडताना विंग एका बाजूला ओढते. ओढते कारण दोन्ही पट्ट्या एकदम सुटत नाहीत. जी आधी सुटली ती बाजू पळते आणि विंग मागे राहिलेल्या बाजूला वळते. पण माझं मत विचाराल तर एवढ्याशा उंचीवर ट्रिमर हवेत हलवूच नयेत.

हिशोब करून बघा. तुमच्या विंगवर चौरस मीटरला 8.5 किलो भार येतो. 25 चौरस मीटरच्या साध्या पॅराग्लायडरवर तोच 3.4. वेग भाराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे दीडपटीहून थोडा जास्तच. ट्रिमर उघडे, वेग ताशी 54 किमी आणि घसरण तीनास एक (तीन मीटर पुढे, एक मीटर खाली) धरली, तर सेकंदाला साधारण 5 मीटर उंची जाते. उठाव नसेल तर पुळणीवर पोचायला 14 सेकंद. त्यातले दोन सेकंद बकल शोधण्यात गेले की 10 मीटर गेले.

म्हणून सेटिंग सड्यावरच, म्हणजे कड्याच्या माथ्यावर, उडण्याआधी ठरवा. दोन्ही पट्ट्यांवर मॅन्युअलमधल्या न्यूट्रलला गडद दोऱ्याची खूण शिवा. डोळ्यांना अंदाज येत नाही. दुपारचा खारा वारा जोरात असेल तर ट्रिमर पूर्ण बंद ठेवून उडू नका. विंग पुढे सरकत नाही आणि काठामागच्या भोवऱ्यात ढकलली जाते. शिवाय कड्याखाली, पुळणीच्या जवळ वारा मंदावतो आणि हवेतला वेग अचानक घटतो. बंद ट्रिमरवर ब्रेक खेचलेले असतील तर स्टॉल (विंगचा उठाव अचानक संपणे) तिथेच होतो. सकाळच्या मतलई वाऱ्यात तर उडूच नका, तो पाठीमागून येतो.

उंच डोंगरावर, भरपूर उंची हातात असताना बदलायचेच असतील तर आधी उताराबाहेर या, सरळ उडा, विंग डोक्यावर स्थिर होऊ द्या. ब्रेकचे टॉगल हातातून सोडायचे नाहीत, मनगटाला गुंडाळायचेही नाहीत. उघडताना दोन बोटांनी पट्टीचं टोक धरून अंगठ्याने कॅम (पट्टी धरून ठेवणारा बकलचा दातेरी खटका) दाबा, दोन्हीकडे एकदम, दोन-तीन सेंटीमीटरच्या टप्प्यांनी. एकदम सोडलंत तर विंग पुढे झेपावते. बंद करताना उलट, नाक मागे येतं आणि वेग पडतो. त्या क्षणी ब्रेक वर असू द्या. वळणात भार वाढलेला असतो, पट्टी ओढली जात नाही, एकच ओढली गेली तर अजून वाईट.

एक बाजू अडकली तर दुसरी तिच्या बरोबरीला आणा. तेही जमत नसेल तर उघड्या, म्हणजे पळणाऱ्या बाजूला हलका ब्रेक आणि शरीराचा झोक देऊन दिशा सरळ ठेवा. बंद बाजूला ब्रेक नको, ती आधीच हळू आहे.

पॅरामोटरवाले ‘ट्रिमर उघडे असताना ब्रेक लावू नका’ म्हणतात, ते रिफ्लेक्स (मागची कड किंचित वर वळलेल्या) विंगसाठी. तुमच्या विंगला काय लागू आहे ते मॅन्युअलमध्ये बघा.

अडकण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे मीठ आणि जांभ्याची लाल भुकटी. ती कॅमच्या दातांत बसते. मग बकल घट्ट होतं किंवा पट्टी आपोआप सरकते. उड्डाणानंतर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, तेल लावू नका, धूळ अजून चिकटते. दात लागतात तिथे पट्टी केसाळ झाली असेल तर बदला.

आणि ब्रेकची लांबी ट्रिमर पूर्ण उघडून जमिनीवर विंग वर करून तपासा. काही विंगवर ट्रिमर उघडले की ब्रेकची ढील संपते आणि हात वर असूनही मागची कड ओढलेली राहते.