पालकांचे प्रश्न : घरात कोंडलेली मुलं

कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० च्या मध्यावर शाळा आणि बालवाड्या बंद झाल्या, २५ मार्चपासून टाळेबंदी आली आणि बघता बघता ऑगस्ट उजाडला. त्या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं सहा वर्षांखालच्या मुलांच्या आईवडिलांची होती. त्यांतली पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला वन रूम किचनमध्ये राहतो. मुलगा चार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. ह्यांचं ऑफिसचं काम घरूनच चालतं. मुलगा दिवसभर पलंगावरून उड्या मारतो, बहिणीला ढकलतो, खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार करतात. ओरडलं की दहा मिनिटं शांत, मग पुन्हा तेच.

उत्तर : ओरडून थांबेल अशी ही गोष्ट नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी आणि त्यातली ६० मिनिटं धाप लागेल अशी असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. एरवी हा हिशोब शाळेची वाट, सोसायटीचं आवार आणि बाजारातली फेरी यांत आपोआप पुरा व्हायचा. आता तो पलंगावर पुरा होतोय.

आवाज न करता दमवणारी कामं म्हणजे ओढणं, ढकलणं आणि हातांवर भार घेणं. जुन्या चादरीवर तीन किलो तांदळाची पिशवी ठेवा आणि बाहेरच्या खोलीतून ओट्यापर्यंत दहा फेऱ्या ओढायला सांगा. पिशवीऐवजी बहिणीला बसवायचा मोह होईल, पण चादरीला झटका बसला की दीड वर्षाचं मूल मागे पडतं आणि डोकं फरशीवर आपटतं. दोन्ही तळवे लावून भिंत ‘मागे सरकवायची’, दहा अंक मोजेपर्यंत, असं पाच वेळा. मग अस्वलासारखं चारी हातापायांवर आणि खेकड्यासारखं पोट वर करून चालायचं. यात खांदे आणि दंड खरोखर दमतात.

उड्या पूर्ण बंद करू नका, त्यांची जागा आणि वेळ ठरवा. गोधडीच्या चार घड्या, त्यावर पातळ गादी, आणि हे सगळं भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर. खोलीच्या मधोमध स्लॅब जास्त हादरतो, कडेला कमी, म्हणून खाली आवाजही कमी जातो. जवळ टेबलाचा किंवा कपाटाचा कोपरा मात्र नको. काकूंना स्वतः जाऊन वेळ सांगा : सकाळी अकरा ते सव्वाअकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते पावणेसहा. दुपारी दोन ते चार एकही उडी नाही. कधी थांबणार हे माहीत असलं की आवाज सोसणं माणसाला सोपं जातं.

बहुतेक घरांत क्रम उलटा असतो : मीटिंग सुरू झाली की मुलाच्या हातात फोन आणि मीटिंग संपली की खेळ. तुम्ही मीटिंगच्या आधी २५ मिनिटं दमवा, पाणी आणि काहीतरी खायला द्या आणि मगच बैठं काम द्या. चार वर्षांचं मूल एका कामात दहा-पंधरा मिनिटं रमतं, म्हणून ४० मिनिटांच्या मीटिंगसाठी तीन कामं आधीच काढून ठेवा. कणकेचा गोळा आणि बोथट सुरी, सोलायला वालाच्या शेंगा, डब्यांची झाकणं लावणं. गणपतीच्या दिवसांत घरी थोडी शाडूची माती आणाच. बोटांना इतका चांगला व्यायाम दुसरा नाही. सोललेले दाणे लगेच उचला, दीड वर्षाच्या मुलीच्या घशात ते अडकू शकतात.

ढकलाढकली बहुतेक वेळा तिने त्याची मांडामांड मोडली म्हणून होते. त्याचे ठोकळे तिचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, टेबलावर मांडू द्या. ‘लहान आहे ती, दे तिला’ हे दिवसातून दहादा ऐकलेलं मूल अकराव्यांदा ढकलतंच. आणि एक गोष्ट विचारलेली नसली तरी सांगायलाच हवी : न्हाणीघरातली बादली वापरून झाली की पालथी घाला. दीड वर्षाचं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं.

प्रश्न : पाच वर्षांची मुलगी रात्री बारापर्यंत जागते आणि सकाळी दहाला उठते. नऊला दिवे घालवून पाहिले, तीन तास रडारड झाली.

उत्तर : झोपायची वेळ एकदम तीन तास अलीकडे आणली की मूल अंथरुणात जागंच राहतं आणि अंथरूण म्हणजे भांडण अशी गाठ बसते. सुरुवात सकाळपासून करा. दर दोन दिवसांनी १५ मिनिटं लवकर उठवा, खिडकी उघडा, तोंड धुऊन लगेच गॅलरीत किंवा दारात उजेडात बसवा. रात्रीची वेळही तेवढीच अलीकडे घ्या. दहाचे आठ व्हायला १६ दिवस लागतील, आणि रविवारीही सूट नाही. दुपारी झोपत असेल तर ४५ मिनिटांत उठवा आणि तीननंतर झोपू देऊ नका. टीव्ही आणि फोन झोपेच्या तासभर आधी बंद, मोठ्यांचेसुद्धा. शेजारी आईच्या फोनचा उजेड असेल तर बाकीचं सगळं फुकट जातं. पाचव्या-सहाव्या दिवशी मुलगी संध्याकाळी किरकिर करेल. तेव्हा जेवण अर्धा तास अलीकडे घ्या, पण सहाला झोपू देऊ नका.

प्रश्न : नवऱ्याचा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आहे. त्रास सौम्य असल्याने घरीच विलगीकरण सांगितलं आहे. तीन वर्षांचा मुलगा दारावर धडका मारतो. ‘बाबा गावाला गेलेत’ असं सांगितलं, पण आतून खोकला ऐकू येतो.

उत्तर : गावाची गोष्ट आजच मागे घ्या. आवाज ऐकू येतोय आणि आई नाही म्हणतेय, हे मुलाला सर्वांत जास्त घाबरवतं. दोन वाक्यं पुरतात : ‘बाबांना खोकल्याचं आजारपण आहे. ते आपल्याला होऊ नये म्हणून ते आत झोपतात आणि बरे झाले की बाहेर येतील.’ त्याने विचारलं की प्रत्येक वेळी हेच शब्द वापरा.

ऑगस्ट २०२० मधल्या नियमाप्रमाणे घरचं विलगीकरण लक्षणं दिसल्यापासून १७ दिवसांचं होतं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला १७ चौकोन आखा, झालेले दिवस भरून टाका आणि रोज रात्री बाबांच्या देखत, व्हिडिओ कॉलवर, त्याला एक चौकोन रंगवू द्या. शेवटच्या चौकोनाला मात्र ‘डॉक्टर हो म्हणाले की’ हे जोडा, कारण तेव्हा ताप असला तर दिवस वाढतात. कॉलची वेळ ठरलेली ठेवा, दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं. तीन वर्षांचं मूल फोनवर गप्पा मारत नाही, म्हणून दोघांनी एकाच वेळी काहीतरी करायचं : दोघांनी केळं खायचं, दोघांनी दात घासायचे. रात्रीची गोष्ट बाबांनी फोनवरून सांगायची.

खोलीची कडी वर, मुलाचा हात पोचणार नाही अशी असावी. दाराबाहेर स्टूल ठेवा. ताट त्यावर ठेवून तुम्ही मागे व्हा, मग त्यांनी दार उघडायचं. ही वेळ मुलगा अंघोळीला किंवा खेळात असताना निवडा, नाहीतर तो फटीतून आत शिरतो. खोलीची बाहेरची खिडकी उघडी हवी. संडास एकच असेल तर त्यांनी सर्वांत शेवटी वापरायचा, मास्क लावून, आणि नळ, कडी, फ्लशचं बटण पुसून बाहेर यायचं. गडबड बहुतेक वेळा सातव्या-आठव्या दिवशी होते : ताप उतरलेला असतो, मूल रडतं आणि ‘पाचच मिनिटं’ म्हणून दार उघडतं. एकदा उघडलं की उरलेले दिवस मुलगा दारापाशीच बसेल. धाप लागली, छातीत दुखलं, फार गुंगी वाटली किंवा ओठ निळसर दिसले तर मात्र दिवस मोजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : छोट्या शिशूवर्गाचे रोज दोन तास ऑनलाइन वर्ग घेतात. बसवायलाच हवं का?

उत्तर : नाही. केंद्राच्या शिक्षण खात्याने जुलै २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत पूर्वप्राथमिकसाठी अर्ध्या तासाची मर्यादा होती, तीही पालकांशी बोलण्यासाठी. सूचनेची प्रत शाळेला दाखवा आणि तोपर्यंत मुलाला अर्ध्या तासाने उठवा.

प्रश्न : दीड वर्षाची लस एप्रिलमध्ये राहिली. आता सगळं पहिल्यापासून द्यावं लागेल का? आणि बाहेरून आल्यावर बाळाच्या हातांना सॅनिटायझर चालेल का?

उत्तर : आधी दिलेली लस वाया जात नाही, राहिलेल्या डोसपासून पुढे सुरू करायचं. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर असतो, तो या आठवड्यातच घ्या, कारण गोवर टाळेबंदी पाळत नाही. फोन करून गर्दी कमी असेल ती वेळ विचारा, बाळासोबत एकच मोठं माणूस जा आणि लसीकरणाचं कार्ड न्या.

बाळाचे हात साबण-पाण्याने धुवा, २० सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट. या वयात हात तोंडातच असतात. सॅनिटायझरमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, आणि ते पोटात गेलं तर लहान मुलाच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरू शकते. तसं झालंच तर उलटी काढायला जाऊ नका, बाटली हातात घेऊन थेट रुग्णालयात जा. मोठ्यांनीही तो लावून लगेच गॅस पेटवू नये, हात पूर्ण वाळू द्यावेत. बाटली दारातल्या चपलांच्या कपाटावर नको, वरच्या फळीवर ठेवा.