जपानमध्ये घर बदलताना

प्रश्न : मी ओसाकात राहतो. पुढच्या महिन्यात योकोहामाला राहायला जाणार आहे. पत्ता कुठे आणि कसा बदलायचा?

उत्तर : शहर बदलत असल्याने दोन वॉर्ड ऑफिसांत (शहराच्या प्रभागाची सरकारी कार्यालयं) काम आहे. निघण्यापूर्वी ओसाकाच्या ऑफिसात ‘तेन्शुत्सु-तोदोके’ म्हणजे शहर सोडत असल्याचा अर्ज भरा. तिथे मिळणारा दाखला जपून ठेवा. तो नसेल तर नव्या ठिकाणी काम अडतं. माय नंबर कार्ड (जपानचं सरकारी ओळखपत्र) असेल तर हा टप्पा ऑनलाइन होतो, दाखलाही लागत नाही.

योकोहामात राहायला गेल्यापासून 14 दिवसांच्या आत तिथल्या वॉर्ड ऑफिसात ‘तेन्न्यू-तोदोके’ म्हणजे राहायला आल्याचा अर्ज द्यायचा. इथे मात्र स्वतः जावं लागतं. आधीच उरकून टाकू म्हणाल तर जमणार नाही, प्रत्यक्ष राहायला गेल्यावरच अर्ज घेतात. झाइर्यू कार्ड (परदेशी लोकांचं जपानमधलं रहिवासी कार्ड) न्या, नवा पत्ता त्याच्या मागे छापून देतात. कुटुंब सोबत असेल तर सगळ्यांची कार्डं न्या. माय नंबर कार्डाचा चार आकडी पिन पाठ हवा. लोक नेमके इथेच अडकतात, कारण तीनदा चुकला की कार्ड लॉक होतं.

14 दिवस उलटले तर दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. सबळ कारणाशिवाय 90 दिवस गेले तर राहण्याचा परवानाच धोक्यात येतो.

टपालाचं वेगळं बघा. पोस्टात ‘तेन्क्यो-तोदोके’ म्हणजे पत्ता बदलल्याचा अर्ज दिला की जुन्या पत्त्यावरची पत्रं वर्षभर फुकट नव्या घरी येतात. बँकेची काही पत्रं मात्र पाकिटावर ‘पुढे पाठवू नये’ असं छापलेली असतात, ती परत जातात. म्हणून बँकेला वेगळं कळवा.