तुमचे प्रश्न: पक्षी पाहताना

प्रश्न: निफाडला राहते. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जायचंय. कॅमेरा घेऊ की दुर्बीण? आणि मोबाइलवरची अ‍ॅप खरी असतात का? (एक वाचक, निफाड)

उत्तर: ताई, दुर्बीणच घ्या, ८×४२ची (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची). गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ 2020मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, आणि ते तुमच्या अगदी दारात आहे! थंडीत सकाळी लवकर चापडगावच्या मनोऱ्यावर जा, सूर्य पाठीशी ठेवा.

एकाच पक्ष्यावर थांबायला शिका. काठावर करड्या-तपकिरी पाठीचा छोटा पक्षी सारखी शेपटी खालीवर करताना दिसला, तर त्याचा खांदा बघा. पोटाचा पांढरा रंग पंखापुढून पाचरीसारखा वर चढलेला असेल तर तो तुतवार. ही खूण वहीत चित्र काढून ठेवा. फोटो काढण्याच्या नादात ती हमखास निसटते.

मर्लिन अ‍ॅप आवाजावरून नाव सुचवतं. पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय ते नाव पक्कं धरू नका. ई-बर्डवर, म्हणजे पाहिलेल्या पक्ष्यांची नोंद करायच्या ऑनलाइन मंचावर, मात्र यादी जरूर भरा. साळुंकी, कावळे सगळे लिहा, नुसते दुर्मीळ नकोत. नेहमीचे पक्षी कमी होताहेत का, ते अशाच याद्यांतून कळतं.

एक कळकळीची विनंती: मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. विणीच्या दिवसांत नर हद्द राखायला धावतो, पिल्लांचं खाणं राहतं. घरट्याचा फोटो, ठिकाण कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.