अभिव्यक्ती आठपट झाली, पण कोणाची?

एका वाचकांचा प्रश्न आहे. इन्फ्लुएंझावरच्या लेखाचं भाषांतर करताना त्यांनी लिहिलं, 'संसर्गानंतर आयएल-6 या दाहक सायटोकाइनची अभिव्यक्ती आठपट झाली.' (सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना निरोप द्यायला सोडलेलं प्रथिन.) आता त्यांना 'अभिव्यक्ती' हा शब्द कवितेच्या प्रांतातला वाटतो. सरळ 'पातळी' लिहू का?

नका लिहू. 'पातळी' म्हटलं की वाचणारा समजणार, रक्तातलं प्रथिन मोजलं. ते एलायझा चाचणीने मोजतात. इथे मोजलाय त्या प्रथिनाच्या जनुकावरून उतरलेला संदेशवाहक आरएनए. म्हणजे आचाऱ्याकडे गेलेल्या चिठ्ठ्या मोजल्या, वाढलेली ताटं नव्हेत. चिठ्ठ्या वाढल्या तरी ताटं त्याच हिशेबात वाढतील असं नाही. टीएनएफ या सायटोकाइनचा संदेश तर फार अल्पायुषी, काम झालं की पेशी तो चटकन मोडून टाकते.

आणि शब्द म्हणाल तर तो इथे कवितेपेक्षाही चपखल बसतो. अभि + वि + अञ्ज्. हाच धातू 'अंजना'तही आहे. सांख्यांचं अव्यक्त-व्यक्त आठवा. आयएल-6चं जनुक जवळजवळ प्रत्येक पेशीत असतंच, पण अव्यक्त. विषाणूची चाहूल लागली की ते व्यक्त होतं. 'एक्स्प्रेशन' या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी 'पिळून बाहेर काढणं' आहे. आपला शब्द मला जास्त आवडतो.

आता ते 'आठपट' कुठून आलं? कोविडच्या काळात घरोघरी तोंडी झालेली 'सीटी व्हॅल्यू' इथेही असते: पीसीआर यंत्र चक्रामागून चक्र प्रती काढत जातं, त्यांची चमक कितव्या चक्राला दिसली तो आकडा. समजा, संसर्गाआधीच्या नमुन्यात यंत्राला 28व्या चक्राला पुरेशी चमक दिसली आणि नंतरच्या नमुन्यात 25व्यालाच. दर चक्राला प्रती साधारण दुप्पट होतात, म्हणून तीन चक्रं म्हणजे 2 × 2 × 2 = 8. अर्थात दोन्ही नमुन्यांत जीएपीडीएचसारखं फारसं न हलणारं संदर्भ-जनुक सारखंच दिसलं पाहिजे, नाहीतर एका नळीत आरएनएच जास्त पडला असेल. आकडा उतरला की अभिव्यक्ती चढली, हे उलटं गणित विसरून 'अभिव्यक्ती तीनने घटली' असं लिहिलेलंही मी वाचलंय!

'दाहक' मात्र बदला. दाहक म्हणजे जाळणारं. वर्तमानपत्रांत 'दाहक वास्तव' असतं तसं. सायटोकाइन स्वतः जाळत नाही, दाह घडवून आणतं, म्हणून 'दाहकारक'. 'दाह'ऐवजी 'शोथ' किंवा 'सूज'ही नको, ते दोन्ही फुगण्याचे शब्द. प्राचीन रोमन लेखक सेल्ससने सांगितलेल्या दाहाच्या लाली, सूज, उष्णता, वेदना या चार खुणांपैकी सूज ही एकच. 'इन्फ्लमेशन'च्या मूळ लॅटिन शब्दाच्या पोटातही आगच आहे, तेव्हा 'दाह' योग्य.

तर वाक्य असं: 'संसर्गानंतर आयएल-6 या दाहकारक सायटोकाइनच्या जनुकाची अभिव्यक्ती आठपट झाली.' 'जनुकाची' गाळू नका. व्यक्त होतं ते जनुक. आणि 'आठपट झाली' हे तुमचं बरोबर आहे, संपादकांनी 'आठपटीने वाढली' केलं तर अडवा. मूळची एक आणि वाढलेल्या आठ, असा काटेकोर हिशेब केला तर ती नऊपट होते.