पीसेकला जाताय? आधी पूल बघा

पहिल्यांदाच चेक प्रजासत्ताकात निघाला आहात, तर सगळे दिवस प्रागमध्येच घालवू नका. दक्षिण बोहेमियात ओतावा नदीकाठी पीसेक आहे. तिथला दगडी पूल तेराव्या शतकातला, म्हणजे प्रागच्या चार्ल्स पुलाहूनही जुना. २००२ च्या महापुरात त्याचे कठडे वाहून गेले, पण कमानी तगल्या! 'पीसेक' म्हणजे वाळू; या नदीच्या वाळूतून पूर्वी सोनं धुऊन काढत. राजवाड्याच्या उरलेल्या भागात आता संग्रहालय आहे, तेही बघा. पुलावर मात्र सकाळी लवकर जा. आणि नुसतं वरून चालून परत फिरू नका, खाली काठावर उतरा. पाण्यात कमानींचं प्रतिबिंब पडलं की माझा तरी तिथून पाय निघत नाही.