राजीनामा आत्ता पाठवू नका

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन वर्षांपासून सहायक ग्रंथपाल, सहा आठवड्यांपूर्वी रुमेटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या संधिवाताचं निदान, सकाळी मूठ वळत नाही, ट्रॉली ढकलताना मनगटातून कळ जाते, वरिष्ठांना अजून काही सांगितलेलं नाही आणि राजीनाम्याचा मसुदा लिहून तयार आहे. हाच आजार मला अकरा वर्षं आहे आणि ग्रंथालयातली नोकरी अठरा वर्षं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो मसुदा बाजूला ठेवा. या आजारावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू होऊन चारच आठवडे झालेत असं तुम्ही लिहिलंय. या औषधाचा गुण जाणवायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, पुरता परिणाम दिसायला कधीकधी त्याहूनही जास्त. म्हणजे आज ज्या हातांकडे बघून तुम्ही एवढा मोठा निर्णय घ्यायला निघालात, त्या हातांना अजून औषध लागू पडलेलंच नाही. पहिले तीन महिने मला पेनाचं टोपण उघडता येत नव्हतं. पाचव्या महिन्यात मी नव्या पुस्तकांच्या दाखलनोंदी पुन्हा हाताने लिहू लागले होते. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. एका औषधाने भागलं नाही तर डॉक्टर दुसरं जोडतात, नाहीतर बदलतात. पण तुमचे हात औषधावर कसे राहतात हे कळायच्या आत नोकरीचं ठरवू नका.

गोळीबद्दल एक गोष्ट, कारण कामाच्या गडबडीत इथेच चूक होते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. मला गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळ आणि गळाठा येतो, म्हणून डॉक्टरांना विचारून मी सुट्टीच्या आदल्या रात्रीची वेळ ठरवून घेतली. आणि रक्ततपासणी चुकवू नका. परीक्षांच्या हंगामात गर्दी आहे म्हणून मी एकदा ती पुढे ढकलली, आणि यकृताचे आकडे वाढलेत हे उशिरा कळलं. ती चूक माझीच होती.

दुसरं सांगायचंय ते तुमच्या भीतीबद्दल. निदान झालं त्या संध्याकाळी ग्रंथालय बंद झाल्यावर मी ६१६.७२२७ च्या रॅकपाशी गेले. पुस्तकं विषयवार लावायच्या ड्यूई वर्गीकरणात आपल्या आजाराचा हाच वर्गांक. तिथलं सर्वांत जाड पुस्तक उघडलं आणि वाकड्या झालेल्या बोटांचे काळेपांढरे फोटो बघत तिथेच जमिनीवर बसून राहिले. पुस्तकाचं प्रकाशनवर्ष बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, आणि मी ग्रंथपाल! पुस्तक १९७० च्या दशकातलं होतं. मेथोट्रेक्सेटला या आजारासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली १९८८ मध्ये, आणि एटानरसेप्ट हे बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेलं औषध आलं १९९८ मध्ये. ते फोटो या दोन्हींच्या आधीच्या रुग्णांचे होते. त्यांचे हाल खरे होते, पण ते आपलं भविष्य म्हणून वाचायचं कारण नाही. तुम्ही जे काही वाचून हा मसुदा लिहायला बसलात, त्याचं साल आधी बघा.

आता हातांकडे येते. आपलं काम बैठं, हलकं आहे असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात दिवसभर बोटांची लहान पेरं राबत असतात. पुस्तक काढणं हेच बघा. घाईत आपण पुस्तकाच्या माथ्यावर तर्जनी अडकवून ते बाहेर ओढतो. जतनाच्या प्रशिक्षणात आपल्याला हेच करू नका म्हणून शिकवलेलं असतं, कारण त्याने पुस्तकाच्या कण्याचा, म्हणजे बांधणीच्या पाठीचा, वरचा काठ फाटतो. योग्य रीत म्हणजे शेजारची दोन पुस्तकं किंचित आत सारायची, मधलं पुस्तक कण्याच्या मध्यावर पूर्ण हाताने धरायचं आणि दुसरा तळवा खाली लावून बाहेर घ्यायचं. रोजची कामं सांभाळून करायला शिकवणाऱ्या माझ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने सांधे जपायचे म्हणून जे शिकवलं ते जवळजवळ हेच होतं: भार एका बोटावर टाकू नका, तळव्यावर आणि कोपरापासूनच्या हातावर घ्या, उचलण्यापेक्षा सरकवा, लहान सांध्याऐवजी मोठा सांधा वापरा. पुस्तकाला जे सोसत नाही तेच बोटालाही सोसत नाही. फक्त त्यासाठी कप्प्यात जागा हवी. ठासून भरलेल्या कप्प्यात ही रीत चालत नाही, म्हणून विरळणी, म्हणजे न लागणारी पुस्तकं काढून जागा करायची मागणी मी आधी आजारासाठी लावून धरली, नंतर पुस्तकांसाठी.

ट्रॉलीचं म्हणाल तर आधी चाकं बघा. आमच्याकडे एका ट्रॉलीचं पुढचं चाक अडकायचं आणि सगळे तिला सवयीने मनगटाने तिरकी रेटायचे. मला वाटायचं आजार वाढतोय. चाक बदललं आणि मनगटाची निम्मी तक्रार गेली. ट्रॉली अर्धीच भरा, दोन फेऱ्या झाल्या तरी चालतील. नियतकालिकांचे बांधीव खंड एका हातात कधीच घेऊ नका, दोन्ही हातांवर आडवे घ्या, एका वेळी एकच. देवघेवीच्या टेबलावर बंदुकीसारखा बारकोड स्कॅनर असेल तर तो स्टँडवर बसवून घ्या, म्हणजे दिवसभर घोडा दाबावा लागत नाही. तारखेचा शिक्का अजून हातानेच मारत असाल तर ते काम पहिल्यांदा सोडवून घ्या. आणि बैठ्या कामाच्या भरवशावर राहू नका. दोन तास सलग तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या सूचीतल्या नोंदी केल्या की माझे गुडघे आणि बोटं दोन्ही आखडतात. अर्ध्या तासाने उठायचं, एखादी रांग चालून यायचं, मग पुढची नोंद.

वेळेबाबत आपण खरोखर नशीबवान आहोत. या आजारात सांध्यांचा ताठरपणा सकाळी सर्वांत जास्त असतो, तासभर किंवा त्याहून अधिक. आणि विद्यापीठाचं ग्रंथालय सकाळपासून रात्रीपर्यंत उघडं असतं. मी सकाळची उघडायची पाळी सोडून बंद करायची पाळी मागितली. ती कुणालाच नको असते, त्यामुळे कुणावर उपकार मागितल्यासारखं झालं नाही, उलट दोघी सहकारी मोकळ्या झाल्या. दुपारी एक ते रात्री आठ या वेळात माझे हात माझे असतात.

वरिष्ठांशी बोलायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न. पहिल्यांदा मी ते चुकीचं केलं. केबिनमध्ये जाऊन आजाराचं नाव सांगितलं आणि रडले. त्यांना मनापासून वाईट वाटलं. पुढच्या आठवड्यात "तुम्हाला आराम पडावा" म्हणून मला तळघरातल्या जुन्या साठ्यात बदललं. तिथे थंडी, जवळपास एकही वाचक नाही, आणि सरकत्या रॅकची चाकं हाताने फिरवून उघडायची. काऊंटरवर होते त्यापेक्षा मनगटं जास्त दुखायला लागली, आणि ज्या कामासाठी मी या व्यवसायात आले ते वाचकांशी बोलणं बंद झालं. हेतू चांगला होता. पण आजाराचं नाव ऐकून समोरच्याला आपल्या कामाचं काहीच कळत नाही. तो त्याच्या कल्पनेने भरून काढतो.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा हातात एक पान होतं. त्याआधी दोन आठवडे मी रोज लिहिलं होतं: किती वाजता कोणतं काम केलं, हात कसे होते, दुसऱ्या दिवशी काय झालं. त्यातून तीन ओळी निघाल्या. सकाळी अकराच्या आत हाताचं काम नको. रॅक लावणं सलग पाऊण तासापेक्षा जास्त नको, आणि सर्वांत खालचा कप्पा परिचरांकडे द्यावा. त्या बदल्यात संदर्भ विभागातले प्रश्न, ऑनलाइन डेटाबेसची प्रशिक्षणं आणि तालिकेतल्या चुकांची दुरुस्ती मी घेते. खाली डॉक्टरांचं पत्र, तेही काय करू शकते आणि काय नाही एवढ्यापुरतं. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असंही लिहिलं. वीस मिनिटांत बैठक संपली. बोललेलं सगळं त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा, कारण वरिष्ठ बदलतात.

ही मेहेरबानी मागतोय असं वाटू देऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, दुसऱ्याच कलमात, "वाजवी सोय" म्हणजे काय ते लिहिलंय आणि ती नाकारणं हा भेदभाव मानलाय. दीर्घ आजार त्यात कुठे बसतो ते देशोदेशीच्या कायद्यावर ठरतं, म्हणून तुमच्याकडचा नियम नीट वाचून घ्या. नियम शोधणं आपल्याला जमतं.

सहकाऱ्यांना किती सांगायचं ते तुमच्यावर. आजार दिसत नाही हा त्याचा त्रासदायक भाग. काल खुर्चीवर चढून पुस्तक काढणारी बाई आज पाणी ओतून घ्यायला मदत मागते, तेव्हा लोकांना ते नाटक वाटू शकतं. मी एकच वाक्य ठरवून ठेवलंय: "माझा आजार रोज सारखा नसतो, आज हात चालत नाहीयेत." यापेक्षा जास्त खुलासा देत नाही. आमचे एक परिचर मात्र न सांगता ओळखतात. मी कार्ड दोन बोटांऐवजी तळव्याने सरकवायला लागले की ते काऊंटरच्या आत येतात आणि म्हणतात, "मॅडम, आज शिक्के माझ्याकडे." असा एक माणूस तुमच्याकडेही असेल, त्याला पूर्ण सांगून ठेवा.

बुरशीबद्दल सांगायचं राहिलं होतं. आपली औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. ओल लागलेली, बुरशी धरलेली पुस्तकं साफ करायचं काम तुम्ही करू नका, मास्क लावूनही नाही, आणि पुराने किंवा गळतीने साठा भिजला तर त्या खोलीत जायच्या आधी डॉक्टरांना विचारा. यात भिडस्तपणा नको. वार्षिक साठा पडताळणीत तुम्ही यादी धरा, पुस्तकं दुसऱ्यांना उतरवू द्या.

थकव्याचं मात्र मला अजून पूर्ण जमलेलं नाही. तो झोपेने जात नाही. सत्र सुरू होतं तेव्हा मी अजूनही चांगल्या दिवशी चार दिवसांचं काम उरकते आणि मग तीन दिवस आडवी होते. तेवढ्यापुरती आधीच रजा टाकून ठेवते. हे आदर्श नाही, पण खरं आहे.

तुम्ही आज फक्त तो तक्ता सुरू करा. वेळ, काम, हात, दुसरा दिवस, एवढे चार रकाने. दोन आठवड्यांनी जे निघेल ते इथे टाका. वरिष्ठांना द्यायचं पान आपण मिळून लिहू.