कोंबडीचं वजन वाढवणारा जीन कसा शोधतात? भावाच्या पोल्ट्रीतल्या पिल्लांची तशी टेस्ट करून घेता येईल का?

टेस्टच्या भानगडीत पडू नका. कराराची ब्रॉयलर असेल तर पिल्लं कंपनीच देते, तुम्ही निवडणार काय डोंबल!

आणि जीन शोधायचा तर आधी काटा नीट वापरायला शिका. मी तोंडावर आपटून शिकलोय. एम.व्ही.एस्सी.ला (पशुवैद्यकातली मास्टर्स) तीनशेच्या आसपास गावठी पक्षी होते. प्रत्येकाच्या पंखाखालच्या शिरेतून रक्त घेतलं, आठव्या आठवड्याला वजन. डीएनएतले हजारो मार्कर, म्हणजे पक्ष्यागणिक बदलणाऱ्या खुणा, एकेक करून वजनाशी ताडले, तर पहिल्या गुणसूत्रावर असा खणखणीत सिग्नल आला की गाइड पेढे आणायला निघाले. त्या गुणसूत्रावर वजनाच्या जागा आधीही बऱ्याच जणांना सापडल्यात, मग शंका कोण घेणार?

शंका वडिलांनी घेतली. त्यांची स्वतःची शेड होती. वही चाळून म्हणाले, "ही वजनं सकाळची आणि ही संध्याकाळची का रे?" एक शेड मी उपाशीपोटी मोजली होती, दुसरी दिवसभर चरून झाल्यावर, गळ्याखालची पिशवी टम्म भरलेली असताना. त्यात एकाच कोंबड्याची बहुतेक पिल्लं नेमकी त्या संध्याकाळच्या शेडमध्ये. मला सापडली ती त्याच्या वंशाची खूण, आणि वजन होतं दाण्याचं! शेड हिशेबात धरून पुन्हा गणित केलं, सिग्नल गायब. गाइड म्हणाले, "असू दे, छापून टाकू." मी नाही म्हटलं. वर्ष गेलं, बोलणं बंद झालं ते आजतागायत.

तसंही 'एक जीन' हे खूळ डोक्यातून काढा. अमेरिकेत व्हर्जिनियात 1957 पासून पांढऱ्या प्लिमथ रॉक जातीच्या कोंबड्यांच्या एकाच कळपातून 56 दिवसांच्या वजनावर निवड करत जड आणि हलका असे दोन वाण काढले. पन्नासेक पिढ्यांत वजनात दहापटीहून जास्त फरक पडला. कारण शोधलं तर डीएनएवर जागा ढीगभर, बहुतेकींचा वाटा चिमूटभर.

हां, झेड गुणसूत्रावरचा बुटकेपणाचा जीन मात्र एकटाच भारी. ग्रोथ हार्मोनचा रिसेप्टर, म्हणजे त्याचा इशारा पेशीत घेणारा भाग, बिघडतो, कोंबडी ठेंगणी राहते, खाते कमी. म्हणून काही ब्रॉयलरांच्या आयांमध्ये तो मुद्दाम ठेवतात.

भाऊ स्वतः गावठीची पैदास करत असेल तर गोष्ट थोडी वेगळी. तरी टेस्ट नकोच. पंखाला नंबर, आईबापाची नोंद, नर-माद्यांचा हिशेब वेगळा आणि सगळ्यांचं वजन एकाच वेळी, उपाशीपोटी. हेच मी गाइडना दोन पानी पत्रात लिहून दिलं होतं. उत्तर आलं नाही.